भाज्याचा रथ आणि रद्दीतली वही

मळवलीच्या स्टेशनावर उतरून भाज्याच्या लेण्यांकडे निघाले, म्हणजे वाटेत एक पूल लागतो. पुलाखालून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. हा रस्ता २००२ साली पुरा झाला. तेव्हापासून त्या पुलावर दोन मिनिटे रेंगाळल्यावाचून पुढे गेलेले एकही मूल माझ्या पाहण्यात नाही. कठड्याला पोट लावून पोरे खालच्या गाड्या ओळखत असतात. कोणती गाडी, कोणत्या कंपनीची, नवी की जुनी, हे त्यांना लांबून नुसत्या दिव्यांवरून कळते. पाढे विचारले की हीच पोरे आभाळाकडे पाहू लागतात! मी त्यांचा मास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते मुलांना शिकवताना आणि तीन-चार कादंबऱ्या लिहिताना. त्यामुळे मुलांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे आणि स्वतःच्या ज्ञानाबद्दल योग्य तेवढी शंका आहे.

दरवर्षी दिवाळीच्या सुटीआधी मी मुलांना लेणी दाखवावयास नेतो. मोठे चैत्यगृह पाहून झाले की त्यांना घाई होते ती टोकाच्या विहाराची. गावात तिला ‘सूर्यगुहा’ म्हणतात. तिच्या ओवरीत एका खोलीच्या दाराच्या दोन्ही अंगांना दोन शिल्पपट आहेत. उजवीकडे हत्तीवर बसलेला पुरुष; त्या हत्तीने सोंडेत झाड उपटून धरले आहे. डावीकडे चार घोड्यांचा रथ. रथात एक राजबिंडा पुरुष, त्याच्या बाजूंना दोन स्त्रिया, एकीच्या हाती छत्र, दुसरीच्या हाती चवरी. बरोबर घोडेस्वार आहेत. आणि रथाच्या चाकांखाली स्थूल, बेढब देहाचे असुर चिरडले जात आहेत. हे शिल्प इसवी सनापूर्वीच्या काळातले. वाहनाची गती दगडात पकडण्याचा आमच्या महाराष्ट्रातला इतका जुना आणि इतका जोमदार प्रयत्न दुसरा मला ठाऊक नाही. रथ उभा आहे असे क्षणभरही वाटत नाही. तो आत्ताच दारासमोरून गेला आणि वारा मागे राहिला, असे वाटते.

गेल्या वर्षी ह्या रथासमोर मुले उभी होती. त्यांत एक मुलगा असा, की ज्याच्या वडिलांचे जुन्या हमरस्त्यावर छोटे गॅरेज आहे. त्याने विचारले,

“गुरुजी, ही गाडी कोणाची?”

“सूर्याची.”

“नाव लिहिलंय?”

“नाव नाही लिहिलेलं. रथ आहे, घोडे आहेत, त्यावरून म्हणायचं.”

“रथ काय एकट्या सूर्याकडंच होता? आणि बनवली कोणी?”

“तेही लिहिलेलं नाही.”

“मग गाडीचे कागदच नाहीत म्हणा ना!”

मुले हसली. मीही हसलो. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, कारण पोराने एका वाक्यात मोठ्या विद्वानांच्या वादाचे मर्म सांगितले होते. हे शिल्प सूर्याचे आणि शेजारचे इंद्राचे, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे काही अभ्यासकांनी विचारले, की बौद्ध भिक्षूंच्या विहारात दारापाशी वैदिक देव कसे? त्यांनी ह्या दोन्ही पटांत बौद्ध वाङ्मयातील मांधाता राजाची कथा पाहिली. वाद अजून मिटलेला नाही. दोन हजारांहून अधिक वर्षे गाडी शाबूत आहे, घोडे शाबूत आहेत, चाकही ओळखू येते. पण मालक कोण ह्याचा निकाल लागत नाही. का? तर कागद नाहीत.

ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला लिहावयास सांगितले ते मोटारीच्या इतिहासाविषयी. तो आपल्याकडे कसा लिहिला जातो आणि कसा जपला जातो, ह्याचे परीक्षण करावे म्हणून. मी मोटारींचा जाणकार नाही. माझ्या नावावर एकही चारचाकी नाही. तरीही हे काम मी आनंदाने घेतले, कारण ह्या बाबतीत माझ्याकडून एक अपराध घडला आहे. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांना दोष देण्याचा थोडा तरी अधिकार मला मिळेल.

माझे थोरले चुलते मुंबईस टॅक्सी चालवीत. आम्ही सारी मुले त्यांना ‘दादा’ म्हणत असू. गणपतीला आणि दिवाळीला ते गावी येत, तेव्हा त्यांच्या अंगाला पेट्रोलचा आणि उदबत्तीचा एकत्र वास येई. त्यांच्याकडे एक लांबोडकी वही असे. तीत रोजचा धंदा, पेट्रोल, पंक्चर, गॅरेजचा खर्च, संपाचे दिवस, असे सारे बारीक अक्षरांत टिपलेले असे. मी चौथी-पाचवीत असताना ते मला त्या वहीतल्या बेरजा तपासावयास बसवीत आणि बेरीज बरोबर आली की एक लिमलेटची गोळी देत. अशा पंधरा-वीस वह्या त्यांच्या ट्रंकेत जमल्या होत्या. दादा वारले. त्यानंतरच्या दिवाळीत घराची साफसफाई निघाली. रंगारी यावयाचे होते, जागा रिकामी करावयाची होती. ट्रंक मी उघडली. वह्यांना वाळवी लागेल म्हणून मी त्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवल्या. किती पैसे आले ते आता आठवत नाही. त्यांत फुलबाज्यांचे एखादे पुडके आले असेल.

ह्या गोष्टीचे मला तेव्हा काहीच वाटले नाही. वाटले ते काही वर्षांनी, माझी एक कादंबरी निघाल्यावर. तिचा नायक टॅक्सीवाला होता आणि काळ होता १९८२ सालचा, गिरणी-संपाचा. मी त्याला प्रीमियर पद्मिनी दिली होती. एका प्रसंगात तो रागाने ‘मांडीजवळचा गिअर खसकन ओढून’ गाडी पुढे काढतो. कादंबरीचे कौतुक झाले, एक लहानसे पारितोषिकही मिळाले. मग एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे निवृत्त टॅक्सीचालक होते. त्यांनी लिहिले होते: ‘मास्तर, तुमचा टॅक्सीवाला माणूस म्हणून चांगला आहे, पण त्याला गाडी येत नाही. त्या काळच्या पद्मिनीचा गिअर मांडीजवळ नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्याला होता.’

मी खजील झालो. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा पत्ता शोधीत मुंबईस गेलो. त्यांनी मला खुर्चीवर बसविले, स्वतः समोर बसले आणि हवेत गाडी चालवून दाखविली. उजवा हात चाकावर, डावा हात दांड्याच्या बाजूच्या गिअरवर. हात कधी आपल्याकडे ओढून वर, कधी पुढे लोटून खाली. पुढची बैठक सलग बाकासारखी असे आणि गिअर वर असल्यामुळे मध्ये बसणाऱ्याच्या गुडघ्यांची आड येत नसे. पावसात गाडी बंद पडली तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसावयाचे, पॉइंट पॉलिश पेपरने घासावयाचे. डाव्या अंगाला बाहेर बसविलेले मीटर काचेतून हात घालून पाडावयाचे, त्याचा तो ‘खट्’ आवाज. हे सारे त्या वृद्ध गृहस्थांच्या हातांत होते. पुस्तकात मला ते कोठेच सापडले नव्हते. माझ्या घरी मात्र ते सापडण्याजोगे होते. दादांच्या वह्यांत प्रत्येक पॉइंटाची, प्रत्येक पट्ट्याची तारीख होती. मी त्या विकल्या होत्या.

असो. आता परीक्षणाकडे वळतो.

मोटारीचा आपल्याकडील इतिहास वाचावयास घेतला की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक, ज्यांनी मोटारी विकत घेतल्या ते. दुसरे, ज्यांनी कारखाने काढले ते. दोघांचे महत्त्व मी नाकारीत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होत असतानाच, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. हे एका मराठी मुलखातल्या माणसाचे अलौकिक धाडस होय. गं. दे. खानोलकरांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले हेही योग्यच झाले. पुढे ह्याच कारखान्यातून फियाट आली. १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. एक हजार एकोणनव्वद घनसेंटिमीटरचे इंजिन, चार गिअर, चार दारे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती हीच.

परंतु ह्या गाडीच्या पत्र्याला ठोका देणारा, तिची मोजपट्टी लावणारा, तिला काळा आणि पिवळा रंग फासणारा, तिच्यावर तीन पोरे शिकविणारा, तिचे इंजिन रस्त्याच्या कडेला फडक्यावर मांडून पुन्हा जोडणारा, ह्यांचा इतिहास कोठे आहे? तो भाषेत आहे, पण कागदावर नाही. पन्नाशीच्या दशकातल्या फियाट अकराशेला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. हे नाव कंपनीने दिले नाही, रस्त्याने दिले. ‘टेम्पो’ हा शब्द पाहा. जर्मनीतल्या टेम्पो गाडीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. २००५ मध्ये कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण मराठी माणसाने तिचे जुने नाव सोडले नाही. आज कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी दिसो, आमच्या बाजारात ती ‘टेम्पो’च. साताऱ्या-कोल्हापुराकडे माणसे कोंबून नेणाऱ्या जीपला ‘वडाप’ म्हणतात. हे शब्द म्हणजे इतिहासाची कागदपत्रेच होत. पण ती जमविणारा अभ्यासक मला भेटलेला नाही. मोटारींवरच्या लेखांत मात्र घोड्यांची ताकद आणि कमाल वेग ह्यांचे आकडे शिस्तीने दिलेले असतात.

आता जतनाकडे पाहू. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूप राखलेली दुचाकी किंवा खासगी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, नूतनीकरणाची पाच हजार. प्रदर्शने, मेळावे, अभ्यास ह्यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास किंवा धंद्यास नाही. नियम चांगला आहे. अनेक देखण्या गाड्या त्याने भंगारापासून वाचतील. परंतु ह्या चाळणीतून कोण गळाले ते पाहा. एस.टी. गळाली, ट्रक गळाला, रिक्षा गळाली, टेम्पो गळाला. टॅक्सीची गत तर विलक्षण! मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांच्या वयाची मर्यादा आहे. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. जिला विसाव्या वर्षी मरण नेमून दिले आहे, तिने पन्नाशीचा मान मिळवावा कसा?

ह्यात कोणाचा दुष्टावा आहे असे मी म्हणत नाही. जुनी गाडी धूर ओकते, हे शाळेतल्या पोरालाही कळते आणि दम्याच्या म्हाताऱ्याला तर अधिकच कळते. गाड्या रस्त्यावरून जाव्यात. प्रश्न एवढाच, की जाताना त्यांचे काय काय ठेवून घेतले?

जुन्या गाड्यांचे मेळावे मी हौसेने पाहतो. गाड्या आरशासारख्या चकचकीत असतात. नवा रंग, नवे चामडे, चांदीसारखा बंपर. मालक कौतुकाने सांगतात, “अगदी नवी केली!” मला मात्र दरवेळी आमच्या भाज्याच्या चैत्यगृहाची आठवण येते. त्याचे सत्तावीस खांब किंचित आत झुकलेले आहेत आणि वर गजपृष्ठाकार छताला लाकडाच्या कमानी आहेत. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या कमानींचा काही आधार लागत नाही. घडविणाऱ्यांच्या हातांना लाकूडकामाची सवय होती, म्हणून त्या आल्या. पुरातत्त्व विभागाचे म. न. देशपांडे ह्यांनी ह्या लाकडांवरचे छोटे ब्राह्मी लेख प्रसिद्ध केले. त्या अक्षरांच्या वळणावरून लाकडेही लेण्याइतकीच प्राचीन ठरली. आता अशी कल्पना करा, की मधल्या काळात एखाद्या उत्साही भक्ताने ‘जुनी लाकडे बरी दिसत नाहीत’ म्हणून ती उतरवून सागवानाच्या नव्या, पॉलिश केलेल्या कमानी बसविल्या असत्या. लेणे अधिक सुंदर दिसले असते आणि ते दोन लेख चुलीत गेले असते.

मोटारीचेही असेच आहे. जिच्या खालच्या पत्र्याला चार ठिकाणी ठिगळ आहे, ती गाडी ठिगळाने आपला इतिहास सांगते. पुढच्या आसनाचा जो भाग झिजला आहे तेथे कोणी माणूस वीस वर्षे बसला होता. हे सारे घासून पुसून ‘नवे’ केले की गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा पुतळा होऊन उभी राहते. मधले आयुष्य नाहीसे होते. चांगला जतन करणारा तो, जो काय बदलले आणि काय बदलले नाही ह्याची टिपणे ठेवतो. अशी माणसे आहेत. पण मेळाव्यात टाळ्या पडतात त्या चकचकाटाला.

उलट बाजूची उदाहरणेही सांगितली पाहिजेत, नाहीतर हे परीक्षण एकांगी होईल. कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या सोहळ्यासाठी बाहेर येते. वर्षातून एकदा का होईना, ती आपल्या माणसांत येते, रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली माणसे तिला नावानिशी ओळखतात आणि आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन ती दाखवितात. गाडीबरोबर तिची गोष्टही पुढच्या पिढीकडे जाते. हे मला कोणत्याही काचेच्या पेटीपेक्षा मोलाचे वाटते. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तेथील गाड्या कोणत्या सैन्याच्या, कोणत्या युद्धातल्या, हे फलक वाचून कळते. लष्कराला नोंदीची सवय आहे, म्हणून तेथे गाडीला कागद आहेत. पुण्यात २०१७ पासून विक्रम पेंडसे ह्यांचे सायकल संग्रहालय उभे आहे. एका माणसाने छंद म्हणून जमविलेल्या सायकली पाहून म्हातारी माणसे आपापल्या पहिल्या सायकलीची गोष्ट सांगू लागतात, आणि मला वाटते, संग्रहालयाचे खरे काम तेथे सुरू होते.

आणि आमची एस.टी.! १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली. लाकडी बांध्याची ती गाडी चालविणारे किसन राऊत आणि तिचे वाहक लक्ष्मण केवटे ही नावे महामंडळाने विसरू दिली नाहीत. मला ह्याचे फार अप्रूप वाटते. देशातल्या किती ‘पहिल्या’ मोटारींच्या चालकांची नावे आपणांस सांगता येतील? मालकाचे नाव विचारा, लगेच सांगू. मालकाला नेणारा निनावी. एस.टी.ने मात्र ती दोन नावे ठेवली. पण त्यानंतरचे काय? दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत सांगाड्यांवर बांधे चढवून किती गाड्या उभ्या राहिल्या! दापोडी तर आमच्याच लोकलच्या वाटेवर. ह्या कार्यशाळांतले सुतार, लोहार, रंगारी, वेल्डर, घाटातले चालक, त्यांच्या लॉगशीट, वाहकांची वेबिले, अपघात टळल्याच्या गोष्टी; ह्यांचा एक ग्रंथ व्हावयास नको काय? ज्यांनी बोरघाटात १९७२ च्या दुष्काळात धान्याचे ट्रक चढविले, त्यांतले जे हयात असतील त्यांची वये आता सत्तरीच्या पुढे असणार. त्यांना विचारावयाचे तर आजच विचारले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, “मास्तर, सगळेच कसे जपावयाचे? आमच्या वाड्यात दोन स्कूटरी ठेवावयास जागा नाही आणि तुम्ही ट्रक ठेवा म्हणता!” आक्षेप रास्त आहे. ज्या हौशी माणसांनी पदरचे पैसे घालून, बायकोची बोलणी खाऊन, एखादी गाडी वाचविली, त्यांनी एस.टी.ही वाचवावी असा हट्ट मी कसा धरू? सारी वाहने राखता येणार नाहीत, राखूही नयेत. एखाद-दुसरा नमुना सार्वजनिक संग्रहालयाने राखावा. मुंबईत आणिकच्या आगारात ‘बेस्ट’चे संग्रहालय आहे, तसे. बाकीच्यांची गोष्ट राखावी. गाडीला आंगण लागते. वहीला एक फळी पुरते. माझा मुद्दा जागेचा नाही, कोणाची गोष्ट राखण्याजोगी मानली जाते ह्याचा आहे.

ह्या बाबतीत भाज्याचे लेणे आपल्याहून शहाणे होते. तेथील एका पाण्याच्या टाक्यावर लेख आहे: ते टाके महारथी कोशिकीपुत्र विष्णुदत्ताचे दान. महारथी म्हणजे त्या काळचा मोठा अधिकारी माणूस. त्याचे नाव कोरले ह्यात नवल नाही. परंतु त्याच डोंगरात सहाव्या क्रमांकाच्या विहारात एका खोलीच्या दारावर दुसरे नाव आहे, ते एका नांगरणाऱ्याच्या बायकोचे. तिनेही दान दिले, तिचेही नाव कोरले गेले. समोरच्या डोंगरात कार्ल्याच्या चैत्यावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे; दार त्याने घडविले. महारथी, शेतकरीण, सुतार! तिघांनाही त्याच दगडात, त्याच अक्षरांत जागा मिळाली. म्हणून दोन हजार वर्षांनी आपण म्हणू शकतो, की हे डोंगर एकट्या राजांनी कोरविले नाहीत. आणि त्याच डोंगरातल्या रथावर मात्र कोणी ओळ लिहिली नाही, म्हणून त्यात बसलेला देव की राजा हेही आपणांस ठरविता येत नाही. शिल्प इतके बलवान, की त्याला नाव लागते असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. ‘हा कोण हे साऱ्यांना ठाऊकच आहे’ असे ते म्हणाले असतील. आपणही पद्मिनीबद्दल हेच म्हणत होतो. कालपरवापर्यंत ती दर चौकात उभी होती. तिच्याविषयी काय लिहावयाचे?

माझ्या मते आपल्या मोटारीच्या इतिहासाचा दोष हाच. त्यात महारथी पुष्कळ आहेत, नांगरणाऱ्याची बायको नाही. तो सुंदर आहे, पण अर्ध्या कागदांचा आहे. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, हळदकुंकू वाहतो. कृतज्ञता आपल्याला येत नाही असे नाही. फक्त ती माळेबरोबर दुसऱ्या दिवशी सुकून जाते.

त्या गॅरेजवाल्याच्या मुलाचे वाक्य मी गेल्या दिवाळीच्या सुटीत अभ्यास म्हणून सर्व वर्गाला दिले: ‘आमच्या घरातल्या गाडीचे कागद’. गाडी कोणतीही चालेल, बैलगाडीसुद्धा. ती कोणी आणली, कोणी चालविली, कोणी दुरुस्त केली, शेवटी तिचे काय झाले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक पान लिहावयाचे. सुटीनंतर सत्तावीस पाने आली. एका मुलीने आजीच्या सांगण्यावरून लिहिले होते, की आजीचे बाळंतपण लोणावळ्याला नेताना दुधाच्या टेम्पोत झाले आणि बाळाचे, म्हणजे त्या मुलीच्या बापाचे, टोपणनाव गावात अजून ‘टेम्प्या’ आहे. बापाला ही गोष्ट ठाऊक होती, पण टेम्पो चालविणाऱ्याचे नाव त्यालाही ठाऊक नव्हते. आजीला होते. पोरीने ते लिहून आणले. गॅरेजवाल्याच्या मुलाने वडिलांच्या हत्यारांची यादी केली आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या उस्तादाकडून आले ते लिहिले. ती सारी पाने मी शाळेच्या कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहेत.

मुलांबरोबर मीही एक पान लिहिले, दादांच्या टॅक्सीचे. आईने देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलेला त्यांचा पितळी बिल्ला समोर ठेवून लिहावयास बसलो. बिल्ल्यावरचा क्रमांक लिहिला. गाडीचा रंग, उदबत्तीचा वास, लिमलेटची गोळी, जेवढे आठवले तेवढे लिहिले. रोज किती धंदा होई, गाडी कोणत्या साली घेतली, कर्ज केव्हा फिटले, संपाच्या दिवसांत घर कसे चालले, ह्या ठिकाणी मात्र रेघ ओढून जागा मोकळी सोडावी लागली. मुलांना मी मोकळ्या जागांचे गुण कापतो. माझे मी कापून घेतले.

वाचकहो, तुमच्याही घरी यंदा साफसफाई झाली असेल किंवा व्हावयाची असेल. माळ्यावर एखादी ट्रंक असेल, तीत कोणाची तरी लांबोडकी वही, एखादे जुने लायसन, पेट्रोलच्या पावत्या, गाडीशेजारी उभे राहून काढलेला फोटो असेल. रद्दीवाल्याला जिन्यातच दहा मिनिटे थांबवा. वही उघडा, आणि पहिल्या पानावर, ज्याची असेल त्याचे नाव लिहा.